प्रेमदास पीत नव्हता

पुलगावात ‘गुलाब भगत कुठं राहतात’ असं विचारलं तर माणसं डोकं खाजवत. ‘क्लॅरोनेटवाला गुलाब’ म्हटलं की लगेच हात वर करून गल्ली दाखवत. गुलाब आणि त्याचा थोरला भाऊ प्रेमदास यांची बँड पार्टी तालुक्यात नावाजलेली होती. प्रेमदास ट्रम्पेट वाजवायचा आणि तोच मास्तर. ढोलांच्या धुमाल पार्ट्या आल्या, डीजे आले, तरी जुन्या वळणाची माणसं लग्न ठरलं की आधी प्रेमदासकडे सुपारी द्यायला यायची.

बँड आणि दारू यांचं सूत जुनं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे खरी, पण वरातीला मोहाची बाटली मिळाली नाही असं कधी झालं नाही. वाजवणारे दोन घोट घेतल्याशिवाय रंगात येत नाहीत असा सगळ्यांचा समज, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो खराही होता. हे दोघे भाऊ मात्र शिवत नसत. प्रेमदास विहारात दर पौर्णिमेला वंदना घ्यायचा. दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणताना त्याचा आवाज अंमळ चढायचा. वरातीत कोणी ग्लास पुढं केला तर हसून म्हणायचा, “ना बाप्पा, मले फुकाले श्वास लागते. हे पेलो तर ट्रम्पेट मलेच वाजवन.”

अशा माणसाचं पोट एका उन्हाळ्यात फुगायला लागलं. डोळे पिवळे झाले, पाय सुजले. दवाखान्यात नेलं तोवर लिव्हरचा कॅन्सर पसरला होता. पावसाळा संपायच्या आत प्रेमदास गेला. त्रेपन्न वर्षांचा होता.

स्मशानातून परतताना पुढं चाललेल्या दोघांचं बोलणं गुलाबनं ऐकलं. एक म्हणाला, “कधी दिसला नाई पेताना.” दुसरा म्हणाला, “दिसाले कायले पायजे? लिव्हर गेलं ना, मंग झालं.”

ते बोलणं गावभर झालं. प्रेमदासची बायको प्रमिलाबाई ज्याला त्याला सांगायची, “माह्या नवऱ्यानं थेंब नाई घेतला हो.” लोक मान हलवायचे. तोंडावर कोणी खोडलं नाही आणि विश्वासही कोणी ठेवला नाही. तिचा सख्खा भाऊ रक्षाबंधनाला येऊन म्हणाला, “जाऊ दे ना बाई, मेलेल्या मानसाले काय झाकतं?” त्या दिवशी तिनं त्याला जेवू न घालता परत पाठवलं. पुढं पुढं तिनं बोलणंच सोडलं. मुलगी नंदिनी शिकून एका पतसंस्थेत कामाला लागली होती; तिच्या पगारावर आणि स्वतःच्या शिलाई मशीनवर प्रमिलाबाई दिवस काढत होती.

चार वर्षं गेली. गुलाबला एकाएकी थकवा यायला लागला. क्लॅरोनेटचा लांब सूर मध्येच तुटायचा. बायको कांता मागं लागली म्हणून तो सेवाग्रामच्या दवाखान्यात गेला. साखर निघाली, आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. पुढं आणखी एक तपासणी झाली. लिव्हर नुसतं चरबीचं नाही, कडकही व्हायला लागलंय, असं त्यात दिसलं.

तपासणाऱ्या तरुण डॉक्टरनं वर न पाहताच विचारलं, “किती घेता?”

“घेत नाई.”

“आधी किती घ्यायचे?”

“आधीबी नाई.”

“काम काय करता?”

“बँडमध्ये वाजवतो.”

डॉक्टरचा हात लिहिता लिहिता थांबला आणि ओठांवर अर्धवट हसू आलं. गुलाबच्या कानशिलातून गरम वाफ निघाली. आपण आता प्रेमदासच्या जागी उभे आहोत, हे त्याला त्या घटकेला कळलं.

पुढच्या खेपेला त्याला डॉ. वेदश्री नावाच्या बाईंकडं पाठवलं. या बाई चाळिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी दारूचं एकदाच विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर पुढं गेल्या. घरात आणखी कोणाला लिव्हरचं काही झालं होतं का, म्हणाल्या. गुलाबनं प्रेमदासचं सांगितलं. मग बापाचं आठवलं. बाप नानाजी कापसाच्या मिलमध्ये होता. गुलाब आठवीत असताना पोटात पाणी होऊन वारला होता. तेव्हा कोणी कॅन्सर-बिन्सर म्हटलं नव्हतं. पोट फुगलं आणि माणूस गेला, एवढंच.

बाईंनी पेन खाली ठेवला. “आमच्याकडं एक अभ्यास चाललाय. न पिणाऱ्या माणसांचं लिव्हर का बिघडतं, त्याचा. तुमची हरकत नसेल तर थोडं रक्त देता का? रक्तातला एक बारीक फरक बघायचाय, आईबापाकडून येतो तसा.”

गुलाबनं रक्त दिलं. रिपोर्ट यायला दोन-अडीच महिने लागतील असं त्यांनी सांगितलं होतं. ते महिने त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. सकाळी उठला की आधी आरशापुढं जाऊन खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. उजव्या बरगडीखाली बोटं दाबून बघायचा; दाबून दाबून तिथं खरंच दुखायला लागलं, मग त्या दुखण्याची भीती. कांता भाकरी थापताना तिरक्या नजरेनं बघायची.

“दाबू नका म्हटलं ना मी. कनकीचा गोया हाय का तो?”

“दाबून नाई राह्यलो. खाजवतो.”

“चांगलं खाजवता.” असं म्हणून ती तोंड फिरवायची.

रिपोर्टच्या दिवशी डॉ. वेदश्रींनी दोघांना समोर बसवलं. “लिव्हरमध्ये साठलेली चरबी बाहेर काढायचं काम शरीर आपलं आपण करत असतं,” त्या म्हणाल्या. “त्या कामाला एक जनुक लागतं. काही माणसांत त्या जनुकात जन्मापासून एक छोटासा फरक असतो, आणि चरबी तिथंच तुंबते. हा फरक एका बाजूनं आला तर फारसं जाणवत नाही. तुमच्यात तो आईकडूनही आलाय आणि वडिलांकडूनही. अशा लिव्हरला इतरांपेक्षा धोका जास्त. आधी कडक होण्याचा, आणि मग क्वचित कॅन्सरचा. दारू नसली तरी.”

“मंजे मले होनारच?” गुलाबनं विचारलं.

“नाही. होणारच असं नाही. बऱ्याच जणांना कधीच होत नाही. पण तुमचं लिव्हर कडक झालंय, साखर आहे, आणि घरात दोघं गेलेत. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. चुकवायची नाही.”

गुलाब मात्र वेगळ्याच वाटेनं गेला होता. “मॅडम, मंग माह्या भावालेबी हेच असन?”

“असू शकतं. त्यांचं रक्त आपल्याकडं नाही, त्यामुळं मी ठामपणे म्हणू शकत नाही.”

“पन न पेता असं होऊ शकते. हे तरी ठाम?”

“हो,” बाई म्हणाल्या. “हे ठाम.”

बसमध्ये कांता रडत होती आणि गुलाब खिडकीबाहेर बघत होता. भीती होतीच, पोटात दगड ठेवल्यासारखी. पण त्या दगडावर कुठूनतरी ऊन पडावं तसं झालं होतं. दादा पीत नव्हता. हे आता नुसतं वहिनीचं बोलणं राहिलं नव्हतं. घरी न जाता तो तडक मागच्या गल्लीत प्रमिलाबाईकडं गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

प्रमिलाबाई मशीनवर बसली होती. तिनं चाक थांबवलं. गुलाबला वाटलं, आता ही रडेल, हात जोडेल. तिनं आधी उठून दार लोटलं.

“मंजे हे बापाकून लेकराले जाते?” ती हळू आवाजात म्हणाली.

“जाऊ शकते. पन...”

“नंदिनीले?”

गुलाबची स्वतःची पोरगी जागृती वर्ध्याला कॉलेजात होती. तिचा विचार त्यानं बसमध्ये तीनदा मनातून ढकलला होता.

“भाऊजी,” प्रमिलाबाई म्हणाली, “आंजी गावचा पोरगा आला हाय नंदिनीले सांगून. नागसेन नाव त्याचं, तलाठी हाय. पंधरा दिवसानं साक्षगंध हाय, तुमाले मी आजच सांगाले येनार होती. आता हे कोनाजवळ बोलू नका. हात जोडतो तुमाले.”

“वयनी, अवं चार वर्स तुमी लोकाईले सांगून राह्यल्या का दादा पेत नव्हता. आता डॉक्टर म्हनते तर...”

“पेत होता म्हनू द्या!” तिचा आवाज फाटला. “म्हनू द्या लोकाईले. दारू होती तर ते त्याच्यासंगं जळून गेली. हे रक्तातलं असन, तर हे पोरीसंगं सासरी जाईन. कोन करन मंग तिले?”

गुलाबनं मान हलवली आणि तो घरी आला. कांतानंही तेच म्हटलं, “वयनीचं बरोबर हाय. तिची एकच पोट्टी हाय.” पण रात्रंदिवस वहिनीचं ते वाक्य त्याच्या मागं लागलं. ज्या बाईनं नवऱ्याच्या नावासाठी सख्ख्या भावाला उपाशी परत पाठवलं, तीच आता ‘पेत होता म्हनू द्या’ म्हणत होती.

त्याच आठवड्यात त्याची ठरलेली सोनोग्राफी झाली. मशीनवरची बाई थंड जेल लावून बरगडीखाली ते यंत्र फिरवत होती. फिरवता फिरवता एका जागी थांबली. तिथंच परत आली. श्वास रोखायला सांगितलं, सोडायला सांगितलं, पुन्हा रोखायला सांगितलं. मग उठून कोणालातरी बोलवायला गेली. गुलाब छताच्या पंख्याकडं बघत पडून राहिला. ती परत येईपर्यंतचा वेळ त्याला अजूनही विसरता येत नाही.

डॉ. वेदश्रींनी सांगितलं, लिव्हरमध्ये एक ठिपका आहे, लहान आहे, सोनोग्राफीत तो काय आहे ते कळत नाही. सी.टी. स्कॅन करायला हवा. तारीख मिळाली ती नंदिनीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, नंतरची.

साक्षगंध प्रमिलाबाईच्या अंगणातच होतं. छोटा मांडव, पंधरा-वीस पाहुणे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं. नागसेन पोरगा शांत होता, नंदिनीकडं बघून हसला तेव्हा त्याचे कान लाल झाले. गुलाबला तो आवडला. आवडला म्हणून जास्तच धास्ती वाटली.

चिवडा-पेढ्याच्या प्लेटा फिरत होत्या. मुलाचे मामा रूपराव म्हणून होते, बोलके गृहस्थ. वाईट हेतू काही नव्हता. पेढा मोडता मोडता ते म्हणाले, “पोरीचे वडील लवकर गेले म्हने. दारूचंच होतं ना? होते बाप्पा, बँडवाल्याईचं असंच राह्यते. पोरगी चांगली हाय, आमाले त्याचं काई नाई.”

गुलाबनं वहिनीकडं पाहिलं. तिनं खाली बघत म्हटलं, “हो जी. पेत होते.”

गुलाबनं तोंड उघडावं तर पोरीचं लग्न मोडणार, मिटावं तर भावाचं मढं पुन्हा चिखलात. तो तसाच बसला, आणि त्याचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला.

“नाई,” नंदिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती हिरव्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन बसली होती. तो पदर तिनं मागं सारला. “माह्ये बाबा पेत नव्हते. त्याईले लिव्हरचा कॅन्सर झाला होता. काकाजीच्या रक्तात एक फरक निंघाला, तो आमच्या घरात हाय. बाबाले तोच असन. मलेबी असू शकते. मी आतल्या खोलीत होती, जवा काकाजी आईले सांगत होते. तुमाले नंतर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.”

“नंदे!” प्रमिलाबाई ओरडली.

नागसेननं विचारलं, “तपासलं का तुमी?”

“नाई अजून.”

त्यानं मान डोलावली, काहीतरी बोलणार होता. पण मामांनी प्लेट खाली ठेवली आणि घड्याळात पाहिलं. पाहुणे जेवले, नमस्कार-चमत्कार झाले, ‘जयभीम’ झालं, गाड्या गेल्या. आठ-दहा दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, पोराला सध्या लग्न करायचं नाही. आणखी महिन्याभरानं त्याच पोराचं साक्षगंध देवळीला झाल्याचं कळलं.

प्रमिलाबाईनं गुलाबशी बोलणं बंद केलं. रस्त्यात समोर आला तर ती दुसऱ्या बाजूनं जायची. चूक त्याची नव्हती, हे तिलाही माहीत होतं. पण राग कुठंतरी ठेवावाच लागतो. नंदिनी रोज पतसंस्थेत जायची आणि येताना काकाच्या घरात डोकावायची. ती रडलेली कांतानं एकदाच पाहिली, मोरीत भांडी घासताना, नळ सोडून.

गुलाबचा सी.टी. झाला. ठिपका कॅन्सरचाच निघाला. डॉ. वेदश्रींनी ते सांगताना आवाज बदलला नाही, फक्त खुर्ची जरा पुढं ओढली. “दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आहे. एकच आहे. बाकी कुठं काही नाही. तुमच्या भावाचा कळला तेव्हा खूप उशीर झाला होता. तुमचा वेळेत कळलाय. नागपूरला सुई घालून जाळून टाकतात. मी बोलते त्यांच्याशी.”

कांता म्हणाली, “जाळून टाकल्यावर जाईन ना?”

“ही गाठ जाईल. लिव्हर तेच राहील. म्हणून नजर ठेवत राहायची.”

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी जागृती वर्ध्याहून आली. बापाजवळ बसून मोबाईलवर काय काय वाचत होती. गुलाबनं तो मोबाईल तिच्या हातातून हळूच काढून घेतला. “वाचू नको बाई. तुले माह्या वाटचं भ्या कायले पायजे?”

“माह्या वाटचंच हाय ते बाबा,” ती म्हणाली. “तुमाले दोन्हीकून आलं, तर तुमच्याकून एक मले येनारच. आईकून आलं का नाई, ते मालूम नाई.”

हिशेब सरळ होता आणि पोरगी हुशार होती.

सुईचं काम तासाभरात आटोपलं, पण गुंगी उतरेपर्यंत दुपार कलली. डोळे उघडले तेव्हा पोटात उजवीकडं आग होत होती आणि पलंगाच्या पायथ्याशी प्रमिलाबाई उभी होती. हातात डबा. पुलगावहून सकाळच्या गाडीनं ती एकटी आली होती.

“भात-वरन आनलं,” ती म्हणाली. “नर्स म्हनते, आताच नाई खायाचं.”

“बसा ना वयनी.”

ती बसली नाही. खिडकीकडं बघत उभी राहिली. तिथूनच म्हणाली, “त्याईले कोनी सांगतलंच नाई, का सोनोग्राफी करत जा म्हनून. पेत नाई म्हटल्यावर कोन सांगन? त्याईचाबी एवढाच असन कधीतरी. एवढासा.” तिनं बोटाच्या टोकावर अंगठा ठेवून माप दाखवलं, आणि मग स्टुलावर बसून पदरात तोंड घालून रडली. चार वर्षांत ती कोणासमोर अशी रडली नव्हती. कांतानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

परत आल्यावर महिनाभरात प्रमिलाबाईच नंदिनीला घेऊन डॉ. वेदश्रींकडं गेली. अभ्यासात घरच्यांचंही रक्त घेत होते. पुन्हा तेच थांबणं, तेच महिने. या वेळी दोन घरांचे. नंदिनीत फरक एका बाजूनं निघाला. लिव्हर तिचं चांगलं होतं. बाईंनी सांगितलं, वजन आटोक्यात ठेव, काविळीची लस घेतली नसेल तर घे, आणि दारूपासून लांब राहा. ते ऐकून मायलेकी एकमेकींकडं बघून हसल्या.

“लग्नाचं काय सांगावं मंग आमी लोकाईले?” प्रमिलाबाईनं विचारलं.

“एका बाजूचा हा फरक आपल्याकडं तीन-चार माणसांत एकाला तरी असतो,” बाई म्हणाल्या. “ज्यांनी नकार दिला, त्यांच्या घरातही असेल कोणाला. तपासलं नाही, एवढंच.”

पुलगावात आता प्रेमदासचं नाव निघालं की प्रमिलाबाई पुन्हा बोलते. काही जण ऐकतात. काही जण अजून मान हलवतात; पण त्या मान हलवणाऱ्यांपैकीच मोतीलाल नावाचा बँडमधला ढोलवाला एका दुपारी गुलाबकडं येऊन हळूच विचारून गेला, सोनोग्राफी कुठं करता म्हणून. त्याच्या बापाचंही पोट फुगलं होतं.

गुलाब पुन्हा वाजवायला जातो. गाठ जाळलेल्या जागी नवीन काही नाही, असं पहिल्या दोन तपासण्यांत आलं. तरी प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा घर बिनआवाजाचं होतं. कांता भाजीत मीठ विसरते. गुलाब आरशापुढं जातो, पापणी ओढतो, आणि ती बघत नाही असं पाहून बरगडीखाली बोटं नेतो. तिसरी तपासणी परवाच झाली. मशीनवरची बाई या वेळी कुठंच थांबली नाही. बाहेर येऊन त्यानं कांताला सांगितलं, “काई नाई.” तिनं बाकावर डोकं मागं टेकवून डोळे मिटले.

बसस्टँडवर दोघांनी चहा घेतला. चहावाल्यानं साखर किती विचारलं, तर कांतानंच सांगितलं, “याईच्यात नको.” गुलाबनं फोन काढून जागृतीला लावला आणि रिपोर्ट चांगला आल्याचं सांगितलं. ती आनंदानं ओरडली ते कांतालाही ऐकू गेलं. मग ती म्हणाली, सोमवारी तिचंही रक्त द्यायचं ठरलंय, नंदिनीताई सोबत येणार आहे.

“जाजो,” गुलाब म्हणाला. “उपाशी राह्याचं का जेवून, ते विचारून घेजो आधी.”

फोन ठेवल्यावर तो कपाकडं बघत राहिला. कांतानं विचारलं, “काय म्हने?”

“सोमवारी रक्त द्याले जाते म्हने,” तो म्हणाला. पुलगावची बस लागली होती, तरी दोघं उठले नाहीत.